जॉमेट्री ऑफसेट आणि वेअर ऑफसेट : बेरीज एक, नोंदी दोन

सीएनसी टर्निंग सेंटरवर (संगणकाने चालणाऱ्या लेथवर) प्रत्येक टूलसाठी ऑफसेटचे, म्हणजे टूलच्या जागेचा हिशेब ठेवणाऱ्या आकड्यांचे, दोन तक्ते असतात, जॉमेट्री आणि वेअर (झीज). कंट्रोल (मशीनचा संगणक) टूल हलवताना दोन्हींतील आकड्यांची बेरीज करतो, त्यामुळे 0.04 मिमीची दुरुस्ती कुठेही भरली तरी पुढच्या जॉबचा (कापायच्या तुकड्याचा) डाया, म्हणजे व्यास, सारखाच येतो. मशीनला फरक पडत नाही म्हणून अनेकांना तो आपल्यालाही पडत नाही असे वाटते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जॉमेट्री ऑफसेट टूलचे टोक कुठे आहे ते सांगतो. टूलने जॉबवर हलका कट घ्यायचा, एक्स (जॉबच्या व्यासाची दिशा) न हलवता टूल झेडमध्ये (जॉबच्या लांबीच्या दिशेत) मागे न्यायचे, जॉब फिरवणारा स्पिंडल थांबवून मायक्रोमीटरने डाया मोजायचा आणि तो आकडा भरून कंट्रोलला हिशेब करू द्यायचा. हा आकडा टूल किंवा त्याला धरणारा होल्डर हलेपर्यंत बदलण्याचे कारण नसते.

वेअर ऑफसेट मात्र कटिंग सुरू झाल्यानंतर काय घडत गेले त्याची नोंद ठेवतो. समजा 25.000 मिमीचा बाहेरचा डाया 25.012 येऊ लागला. इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवलेल्या, बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याची) कड झिजून टोक मागे सरले आहे, म्हणून वेअरच्या एक्समध्ये −0.012 मिळवायचे. एक्सचे माप बहुतेक मशीनवर डायात धरलेले असते, त्यामुळे हा आकडा निम्मा करायचा नसतो. तो निम्मा करून भरला, तर साइज अर्धीच सुधारते. बोअरमध्ये (जॉबच्या आतल्या छिद्रात) चिन्ह उलटते : कड झिजली की बोअर लहान येतो, म्हणून तिथे दुरुस्ती अधिक चिन्हाने करावी लागते.

वेअर हे नाव थोडे फसवे आहे, कारण मशीन तापल्याने सरकलेली साइजही याच तक्त्यात सांभाळली जाते. तापलेल्या जॉबच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मोजमापाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे आणि 100 मिमी डायाचे पोलाद 10 अंशांनी तापले तर डाया सुमारे 0.011 ते 0.012 मिमी वाढतो. गरम जॉब मोजून घाईने वजा आकडा भरला, तर जॉब थंड झाल्यावर साइज खाली गेलेली आढळते आणि दोष मात्र इन्सर्टला दिला जातो.

आता चूक कशी महाग पडते ते पाहू. दिवसभरातील −0.08 मिमीची दुरुस्ती कुणीतरी थोडी थोडी करून जॉमेट्रीतच केली आहे. संध्याकाळी इन्सर्ट बदलला जातो आणि दुसरा ऑपरेटर नियमाप्रमाणे वेअर शून्य करायला जातो, तर तिथे आधीच शून्य असते. झिजलेल्या कडेसाठी केलेली भरपाई जॉमेट्रीत तशीच राहते, नवी कड त्या प्रमाणात जास्त आत जाते आणि बाहेरचा डाया 0.08 ने लहान होतो. मोठा आलेला डाया पुन्हा कापता येतो. लहान झालेला जॉब थेट भंगारात जातो. शिवाय नवी कड अगदी जुन्याच जागी बसेल याची खात्री नसल्यामुळे पहिल्या जॉबला वेअरमध्ये +0.2 ठेवून माल राखणे, मोजणे आणि मग साइजवर येणे हीच शहाणपणाची रीत आहे.

उलटी चूकही होते. टूल चकला (जॉब पकडणाऱ्या भागाला) धडकून होल्डर सरकला असताना 0.6 मिमीचा फरक वेअरमध्ये भरून काम रेटले जाते. एवढा फरक झिजेचा असूच शकत नाही. तिथे वेअर शून्य करून टूलला नव्याने टच घ्यायला, म्हणजे हलका कट घेऊन व मोजून जॉमेट्री पुन्हा भरायला, हवा. वेअरमध्ये एका वेळी किती भरता येईल यावर अनेक कंट्रोलमध्ये मर्यादा घालता येते. ती घातलेली असेल तर दशांशचिन्ह चुकून 0.05 ऐवजी 5.0 भरले गेले तरी कंट्रोल तो आकडा नाकारतो. जॉमेट्रीला मात्र मोठे आकडे स्वीकारावेच लागतात, त्यामुळे तिथे भरलेल्या चुकीला अशी आडकाठी मिळत नाही.