रिंगमधल्या पैलवान आणि दिवाणखान्यातल्या मॉडेल

अमेरिकेतल्या जुन्या कुस्ती मासिकांची पानं इंटरनेटवर सुटी सुटी फिरत असतात. दोन बायका एकमेकींना भिडलेल्या दिसल्या की सगळ्यांना एकच नाव मिळतं: जुन्या काळातल्या महिला पैलवान. पण त्यातल्या कित्येकजणी पैलवान नव्हत्याच. काही फोटो व्यावसायिक महिला कुस्तीचे असतात, तर काही ‘अपार्टमेंट रेसलिंग’चे, म्हणजे घरात मॉडेल मुलींना कुस्तीच्या पोझ द्यायला लावून काढलेले.

गल्लत होते त्याला कारणही तसंच आहे. लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिक ऑडिटोरियममध्ये बॉक्सिंग आणि कुस्तीचे फोटो काढणाऱ्या थिओ एरेट यानेच १९७० च्या दशकात अपार्टमेंट रेसलिंगचेही पुष्कळ फोटो काढले. ‘स्पोर्ट्स रिव्ह्यू रेसलिंग’मध्ये ते कुस्तीच्या बातम्यांसोबत छापले जात. छायाचित्रकार तोच, मासिकही तेच. मग कात्रण हाती आलेल्याने ओळखायचं कसं?

अपार्टमेंट रेसलिंगमध्ये बिकिनी घातलेल्या मॉडेल मुलींना एखाद्या घरातल्या दिवाणखान्यात झोंबाझोंबीच्या पोझ द्यायला लावत. तिकीट लावून भरवलेली ती कुस्ती नव्हतीच. सोबतचं चुरशीच्या लढतीचं रसभरीत वर्णन मासिकवाले रचत आणि हा सगळा खटाटोप पुरुष वाचकांसाठी असे.

यावर कुणी म्हणेल, व्यावसायिक कुस्तीचाही निकाल आधीच ठरलेला असायचा, मग फरक काय राहिला? खूप मोठा फरक आहे, आणि तो पुसला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. निकाल ठरलेला असला तरी उचलून आपटलेलं अंग खरंच आपटतं. पडायचं कसं, समोरचीला इजा न करता फेकायचं कसं, हे शिकायला घाम गाळावा लागतो. मिल्ड्रेड बर्क १९३० च्या दशकात कार्निव्हलमध्ये, म्हणजे फिरत्या जत्रांत, पुरुषांशी लढत पुढे आली. १९३७ मध्ये क्लारा मॉर्टेन्सनला हरवून तिने विजेतेपद घेतलं आणि पुढे अनेक वर्षं गावोगावचे आखाडे गाजवले. तिचा नवरा बिली वुल्फ हाच तिच्या कुस्त्या भरवायचा. दोघं वेगळे झाल्यावर धंद्यावरच्या हक्काचं भांडण पेटलं आणि २० ऑगस्ट १९५४ रोजी अटलांटात बर्क दुसरी पैलवान जून बायर्स हिच्यासमोर उभी राहिली. या लढतीचा निकाल मात्र आधी ठरलेला नव्हता. पहिला डाव बायर्सने घेतला, दुसरा लांबतच गेला आणि शेवटी लढत थांबवण्यात आली. त्याच वर्षी बर्क जपानच्या दौऱ्यावर गेली.

न्यू यॉर्क राज्यात तर महिला कुस्तीवरची बंदी १९७२ मध्ये उठली. त्याच वर्षी फॅब्युलस मूला ही पैलवान तिथल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या सभागृहात लढली. म्हणजे या बायकांना रिंगमध्ये पाऊल टाकण्यासाठीसुद्धा झगडावं लागलं होतं. त्यांचे फोटो सोफ्याजवळच्या मॉडेलच्या फोटोंत मिसळले की हा झगडा दिसेनासा होतो. त्या मॉडेल मुलींना मी कमी लेखत नाही; त्यांचं काम वेगळं होतं, एवढंच.

फोटो हाती आला की आधी पाय बघा. पैलवान बहुधा घोट्यावर लेस बांधलेल्या बुटांत आणि अंगासरशी बसणाऱ्या एकसंध पोशाखात असते. दिवाणखान्यात बहुतेकदा अनवाणी पाय आणि गालिचा. मग मागे बघा. दोर, कोपऱ्याचा खांब, पंचाची पँट, अंधारात पुसट दिसणारे चेहरे, यातलं काहीतरी चौकटीत आलेलंच असतं. रिंगच्या कडेवरून टिपलेल्या फोटोत कॅमेरा खालून वर बघतो आणि कधीकधी ऐन मोक्याच्या जागी दोर आडवा येतो. दिवाणखान्यात असा अडथळा नसतो, दोघींचे चेहरे व्यवस्थित कॅमेऱ्याकडे वळवलेले असतात.

खरी पंचाईत होते ती स्टुडिओत काढलेल्या प्रसिद्धीच्या फोटोंची. तिथे ना रिंग, ना गर्दी. बर्कनेही दंडाच्या बेटकुळ्या दाखवत असे फोटो काढून घेतले होते. अशा वेळी चित्रावर विसंबू नका, खालचं नाव घ्या आणि त्या काळातल्या वर्तमानपत्रांत शोधा. पैलवानाचं नाव कुस्तीच्या जाहिरातीत, शहर आणि तारखेसकट सापडण्याची शक्यता बरीच असते.