पाचवा गिअर गेला कुठे?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की पहाटे मार्केट यार्डात भाजी उतरवणारी बोलेरो आठवते. अमेरिकेतला हेवी ड्युटी पिकअप म्हणजे वेगळंच प्रकरण, मागे घोड्यांचा ट्रेलर नाहीतर चार-पाच टनांचं चाकांवरचं घर जोडायचं आणि डोंगर चढवायचा. त्यातल्या जुन्या डॉज रॅमवाल्यांकडे एक किस्सा ठरलेला असतो. हायवेला गाडी मस्त पाचव्यात चाललीय आणि एकदम इंजिन मोकळं फिरायला लागतं, न्यूट्रलला पडल्यासारखं, लिव्हर मात्र पाचव्यातच. चौथ्यात टाकली की गाडी गुपचूप ओढते. पहिला संशय अर्थातच क्लचवर जातो, पण क्लच सुटत असता तर चौथ्यातही सुटलाच असता की.

गिअरबॉक्स खोलला की आत एक सुटलेला नट सापडतो.

१९८९ च्या मॉडेलपासून डॉजने या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल बसवलं. (पुणेकरांना कमिन्स म्हणजे आधी कर्वेनगरचं मुलींचं कॉलेज आठवणार, तर तीच ही कंपनी, १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात आलेली.) ताकद १६० हॉर्सपॉवर, ऐकून कोणी दचकणार नाही, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ५४० न्यूटन मीटरच्या आसपास आणि तोही अगदी खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या कमी असतानाच. १९९४ ला नवी रॅम आली तेव्हा या इंजिनामागे एनव्ही ४५०० नावाचा पाच गिअरचा बॉक्स आला. बिडाची बॉडी, बघूनच वाटावं की हा आपल्याला पुरून उरेल.

आता गंमत अशी की इंजिनाचा टॉर्क ठोक्याठोक्याने येतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत तीन स्फोट होतात, म्हणजे १४०० आरपीएमला सेकंदाला ७० ठोके, तासाला अडीच लाख. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळं प्रत्येक ठोका जोरकस, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये शाफ्ट किंचित मंदावतो, मग परत झटका. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचं जड चाक, हे धक्के गिळायला असतं, पण त्यात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, आरपीएम निम्मं झालं की ऊर्जा पाव उरते. म्हणजे नेमकं खालच्या आरपीएमला धक्के मोठे आणि ते गिळणारा अशक्त.

आणि हे लोक चालवायचे कसे, तर मागे ट्रेलर, समोर चढ, तरी गिअर पाचवाच, कारण इंजिन ओढतंय ना मग कशाला खाली टाका.

या बॉक्समध्ये पाचवा गिअर अगदी मागच्या टोकाला असतो. मेनशाफ्टवर लांबट दाते असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात, त्यावर गिअर सरकवून बसवलेला आणि तो मागे सरकू नये म्हणून शेवटी एक मोठा नट. प्रत्येक ठोक्याला गिअर स्प्लाइनवर केसभर हलतो, धातूवर धातू घासतो, नटाची पकड सैल होत जाते. त्यात गिअरचे दाते तिरपे, आवाज कमी यावा म्हणून, पण तिरप्या दात्याने फिरवलं की थोडा जोर शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही लागतो, ॲक्सिलरेटर दाबला की एका बाजूला, सोडला की उलट बाजूला. पुढेमागे, पुढेमागे करत नट निघतो, गिअर मागे मागे सरकत स्प्लाइनवरून उतरतो आणि पाचवा गायब. बाकी चार गिअर ठणठणीत, म्हणून तर माणूस चक्रावतो. पुढे बाहेरच्या लोकांनी स्क्रूने जखडता येणारे नट आणि जास्त लांब स्प्लाइन असलेले शाफ्ट बनवले, पण माझ्या मते त्याआधीचा फुकटातला उपाय म्हणजे चढाला चौथा टाकणे.

क्लच मात्र बहुतेक वेळा आपणच मारतो. क्लचची प्लेट किती टॉर्क पेलणार हे तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, घर्षण, प्लेटची त्रिज्या आणि दोन बाजू यांच्या गुणाकारावर ठरतं. समजा दाब १२,००० न्यूटन, घर्षणांक ०.३, सरासरी त्रिज्या १३ सेंटीमीटर, तर उत्तर येतं साधारण ९३६ न्यूटन मीटर. डिझेल पंपाचं सेटिंग वाढवून किंवा इंजिनाच्या कॉम्प्युटरला चिप लावून टॉर्क याच्या वर नेला की प्लेट सुटणारच, आणि ती आधी वरच्या गिअरमध्ये सुटते, कारण खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन पळते आणि इंजिनावरचा भार फार वेळ टिकत नाही.

पण खरा जाळ हाफ क्लचचा. ट्रेलर रिव्हर्स घेताना चढावर गाडी नुसती क्लचवर धरून ठेवली, इंजिन १००० आरपीएमला, प्लेटवर २०० न्यूटन मीटर, गाडी जागेवरच. तर प्लेटवर तयार होणारी उष्णता २१ किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे दहा गिझर एका थाळीएवढ्या जागेत चालू. अर्ध्या मिनिटात वास येतो, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात, आणि एकदा प्लेटचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं की घर्षण घटलं, मग साध्या चढालाही सुटते.

२००५ मध्ये रॅममध्ये मर्सिडीजने बनवलेला जी ५६ हा सहा गिअरचा बॉक्स आला, त्याबरोबर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे फ्लायव्हीलचे दोन भाग आणि मध्ये स्प्रिंगा, ठोके तिथेच जिरवायला. तरी २०१३ च्या सुमाराला मॅन्युअल रॅमला इंजिन ८९५ न्यूटन मीटरवर बांधून दिलं जायचं, त्याच इंजिनाला तगडा ऑटोमॅटिक लावला तर ११५०. २०१८ च्या मॉडेलनंतर मॅन्युअल बंदच झाला. जुनी गाडी असलेले काहीजण आता स्प्रिंगवालं फ्लायव्हील काढून साधं एकसंध लोखंडी टाकतात, ते स्वस्त आणि दणकट, आणि मग सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभं राहिलं की गिअरबॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येतो. क्लच दाबला की थांबतो.