कर्ज आटलं, पण कुणाकडून?

२०२० च्या टाळेबंदीनंतर बेळगावच्या उद्यमबागेतला एक फाउंड्रीवाला मला म्हणाला, "बँका पैसेच देईनात." त्याच आठवड्यात बँकेत काम करणारे एक स्नेही म्हणाले, "पैसा पडून आहे, मागायलाच कोण येईना." दोघंही मनापासून बोलत होते. कर्जवाटप घटल्याचा आकडा दोघांच्याही बाजूनं उभा राहतो, आणि खरी पंचाईत तिथंच आहे. मागणी आटली असेल तर कारखान्याला ऑर्डरी हव्यात. पुरवठा आटला असेल तर बँकेला रोकड हवी. निदान चुकलं की औषधही चुकतं.

आपल्या मार्केटातून गोव्याला भाजी जाते. माल कमी गेला आणि भाव चढला, तर आवक घटली. माल कमी गेला आणि भावही पडला, तर गिऱ्हाईक घटलं. कर्जाचा भाव म्हणजे व्याज, पण इथं ही खूण फसते. चढ्या व्याजालाही तयार होणारा माणूस बऱ्याचदा जास्त धोक्याचा असतो, म्हणून बँक व्याज वाढवत बसत नाही, सरळ नकार देते. स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ साली हे गणितानं मांडलं. एकूण थकीत कर्जाची रक्कमही फसवते. २००८ च्या अखेरीस अमेरिकेत बड्या कंपन्यांना मिळणारी नवी कर्जं आधीच्या तिमाहीपेक्षा ४७ टक्क्यांनी घसरली. तरी बँकांच्या वहीत उद्योगांची कर्जं वाढलेली दिसत होती, कारण घाबरलेल्या कंपन्यांनी आधीच मंजूर झालेल्या लिमिटमधून पैसे उचलून ठेवले होते.

मग ओळखायचं कसं? मला सगळ्यात आवडणारी युक्ती पाकिस्तानातल्या आकड्यांवर उभी आहे. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर पाकिस्ताननंही अणुचाचण्या केल्या आणि लगेच तिथल्या सरकारनं परकीय चलनातल्या ठेवी गोठवल्या. डॉलर मिळेनात, फक्त रुपये मिळत, आणि विश्वास उडालेले ठेवीदार ते काढून नेऊ लागले. म्हणून ज्या बँकांकडे डॉलरच्या ठेवी जास्त, त्यांची रोकड जास्त आटली. असिम ख्वाजा आणि आतिफ मियाँ या अर्थशास्त्रज्ञांनी एकाच वेळी दोन किंवा अधिक बँकांचं कर्ज असलेल्या कंपन्या तेवढ्या निवडल्या.

समजा, एका कारखानदाराची दोन बँकांत प्रत्येकी २० लाखांची कर्जं आहेत. संकटानंतर पहिल्या बँकेचं कर्ज १२ लाखांवर आलं, दुसऱ्या बँकेचं १८ वर. कारखाना एकच, मालक एकच, ऑर्डरीही त्याच. म्हणजे त्याची गरज जेवढी बदलली, तेवढी दोन्ही खात्यांसाठी बदलली. एका घटीतून दुसरी वजा केली की मागणी हिशेबातून निघून जाते, आणि उरलेला ६ लाखांचा फरक बँकांच्या माथी येतो. मंदी आली की साडेसातीला दोष देणारे भेटतात. ग्रह मालकाच्या राशीला असते, तर त्याच मालकाच्या दोन खात्यांत हा फरक पडला नसता.

अशा हजारो जोड्या ताडून २००८ साली छापलेलं त्यांचं उत्तर असं: बँकेची रोकड १ टक्क्यानं घटली, तर त्याच कंपनीला त्या बँकेकडून मिळणारं कर्ज सुमारे ०.६ टक्क्यानं घटतं. यात एक गृहीतक आहे. कंपनी दोन्ही बँकांकडे सारख्याच कामासाठी जाते, असं मानावं लागतं. एक बँक निर्यातीसाठी आणि दुसरी यंत्रांसाठी कर्ज देत असेल, आणि निर्यातच कोसळली असेल, तर वजाबाकीनंतरही मागणीचा अंश उरतो.

पुढचा निष्कर्ष मला जास्त लागला. मोठ्या कंपन्यांनी ही तूट दुसरीकडून भरून काढली, छोट्यांना ते जमलं नाही. आणि ज्याचं एकाच ठिकाणी कर्ज आहे, त्याची तुलना करायला दुसरं खातंच नाही. वडगाव-खासबागेतला एखादा यंत्रमागवाला, ज्याची सगळी पत एका पतसोसायटीत आणि रोजच्या पिग्मीत, तो या वजाबाकीत बसत नाही. स्पेनमधल्या संशोधकांनी त्यासाठी मंजूर आणि नामंजूर अर्जांच्याच नोंदी तपासल्या. पण नकार मिळणारच असं धरून अर्जच न भरलेला माणूस त्या नोंदींतही सापडत नाही.