बर्डीची थडगी आणि भीमाकाठचा जयस्तंभ

सीताबर्डीच्या किल्ल्याचा विषय निघाला की नागपुरात कुणीतरी विचारतंच, "तिथेही भीमा कोरेगावसारखा विजयस्तंभ आहे ना?" नाही, तिथे थडगी आहेत. दोन्ही खुणा एकाच युद्धातल्या, म्हणजे तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातल्या, दोन्ही कंपनी सरकारने हरलेल्यांच्या मुलखात ठेवलेल्या, आणि लढायांमध्ये अंतर जेमतेम पाच आठवड्यांचं. गल्लत इथूनच होते.

बर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ची. नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी काबीज केली. कंपनीच्या मद्रासी शिपायांनी आणि बंगालच्या घोडदळाने ती परत मिळवली, तेव्हा पारडं फिरलं. तिथे पडलेल्यांची थडगी किल्ल्यात आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी तो एरवी बंदच. पूर्वापार २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतात; तरी निघण्याआधी चौकशी करावी. किल्ल्याजवळच्या टेकडी गणपतीचं दर्शन झालं म्हणजे किल्ला पाहून झाला, असं नव्हे.

कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ची. शिरूरहून रात्रभर चालून आलेली कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे आठशेंची तुकडी दिवसभर गावात अडकून लढली. मृत, जखमी, बेपत्ता मिळून २७५ माणसं तिने गमावली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. स्तंभाचा पाया २६ मार्च १८२१ला घातला. तो जिथे उभा आहे ती हद्द पेरणे गावची, कोरेगाव नदीपलीकडे. पुण्याहून नगर रस्त्याने जाताना पेरणे फाटा विचारावा.

थडग्याखाली माणूस असतो. स्तंभावर फक्त नावं असतात. इथे कंपनीच्या बाजूने मेलेल्या ४९ जणांची नावं कोरली आहेत. वाचताना हमखास चूक होते ती 'नाईक' आणि 'नाक' यांत. नाईक हा लष्करी हुद्दा, कुणालाही मिळायचा. 'नाक' हा महार समाजातल्या पुरुषांच्या नावांना लागणारा शेवट. तो नावाला चिकटलेला दिसला तरच मोजायचा. अशी २२ नावं मोजली जातात.

वाद पेटतो तो या नावांवरूनच. इंग्रजांच्या जयाची खूण आपण का मिरवायची, असं एक बाजू विचारते. पण पेशवाईत ज्यांना माणूस म्हणून वागवलं गेलं नाही, त्यांच्या वंशजांनी तिथे आपल्या पूर्वजांची नावं वाचली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ला तिथे गेले, तेव्हापासून तो दगड कंपनीचा राहिला नाही, असं आमचं ठाम मत आहे. बर्डीच्या थडग्यांवरून असा वाद नाही.

पेशवाई १ जानेवारीला संपली, हेही सर्रास ऐकू येतं. दुसरे बाजीराव पेशवे शरण आले ते जून १८१८मध्ये.

नागपूरहून स्तंभाच्या अभिवादनाला जायचं तर १ जानेवारीच. त्या दिवशी नगर रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, बरंच पायी चालावं लागतं. नावं शांतपणे वाचायची असतील, तर मात्र दुसरा दिवस निवडावा.