संवादी कथेचं सॉफ्टवेअर बदलतं तेव्हा: आवृत्ती वाढवण्यापूर्वी हे वाचा

"नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का?" संवादी कथा, म्हणजे वाचकाच्या निवडीनुसार किंवा आज्ञेनुसार पुढे जाणारी कथा, लिहायला इन्फॉर्म, ट्वाइन आणि इंक ही साधनं वापरणारे लेखक आम्हाला हे वारंवार विचारतात. कथेचा पहिला प्रसंग अजून लिहायचा असेल तर नवीच घ्या. निम्मी कथा लिहून झाली असेल तर ती जुन्याच आवृत्तीत पूर्ण करा. नव्यातली एखादी सोय कथेला अगदीच हवी असेल तर मध्येच बदला, पण मूळ प्रतीवर नाही, नकलेवर. प्रकाशित झालेल्या कथेला बहुतेक वेळा हातच लावावा लागत नाही.

तयार फाइल आणि मूळ मजकूर

तुमच्याकडे कथेची दोन रूपं असतात: तुम्ही लिहिलेला मूळ मजकूर आणि वाचकाच्या हाती जाणारी तयार फाइल. संवादी कथा चालवण्यासाठी कल्पिलेल्या झी-मशीन या संगणकाचा आराखडा १९७९ सालचा आहे. त्यासाठी बनलेल्या फायली आजच्या इंटरप्रिटरवर (अशी फाइल चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर), अगदी फोनवरही चालतात, कारण तो आराखडा आता जवळजवळ गोठलेला आहे. मूळ मजकूर मात्र कंपायलरच्या (त्यापासून तयार फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) भाषेला बांधलेला असतो, आणि ती भाषा दर मोठ्या आवृत्तीत थोडी सरकते. त्यामुळे तयार फाइल व्यवस्थित चालते आहे म्हणजे तिचा मजकूर आज पुन्हा कंपाइल होईलच, असं धरून चालू नका.

आकाराचंही लक्षात ठेवा. झी-मशीनच्या पाचव्या प्रकारात फाइल २५६ किलोबाइटपर्यंतच जाते, आठव्या प्रकारात ५१२ किलोबाइटपर्यंत. नव्या कंपायलरसोबत येणारं मानक ग्रंथालय (तयार कोडचा संच) मोठं असलं, तर कथेत एक शब्दही न वाढवता ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तसं झालं तर सेटिंग्समध्ये ग्लुल्क्स निवडा. १९९९ मध्ये आलेला हा ३२ बिटांचा आराखडा नेमक्या याच अडचणीसाठी बनला होता.

इन्फॉर्म

इन्फॉर्म पहिल्यांदा १९९३ मध्ये आलं आणि नैसर्गिक इंग्रजीसारख्या वाक्यांत लिहायचं इन्फॉर्म ७ एप्रिल २००६ मध्ये. त्यानंतर त्याच्या आवृत्त्यांना ६जी६०, ६एल०२, ६एम६२ असे क्रमांक मिळत गेले. एप्रिल २०२२ मध्ये १०.१ मुक्तस्रोत म्हणून आली आणि तेव्हापासून नेहमीची तीन टप्प्यांची क्रमांकपद्धत सुरू झाली. यातल्या दोन उड्या मोठ्या आहेत.

पहिली २०१४ मधली, ६एल०२ ची. आधी फक्त "वापरू नका" असं सांगितलेली जुनी वैशिष्ट्यं इथे काढूनच टाकली गेली. शिवाय सॉफ्टवेअरची ठरावीक उत्तरं बदलायची रीत पालटली. आता प्रत्येक नियमाच्या उत्तराला ए, बी, सी असं अक्षर असतं आणि नियमाचं नाव व अक्षर सांगून ते उत्तर थेट बदलता येतं. त्याआधी हेच काम वेगळ्या एक्स्टेन्शनने (कथेला जोडायच्या तयार पुरवणीने) व्हायचं. तुमच्या कथेत असं एक्स्टेन्शन असेल तर त्याची दुरुस्ती करत बसू नका. ते काढा आणि उत्तरं नव्या रीतीने लिहा. काम कंटाळवाणं आहे, पण ते एकदाच करावं लागतं.

दुसरी उडी १०.१ ची. आतला इन्फॉर्म ६ चा (आधीच्या, प्रोग्रॅमिंगच्या भाषेसारख्या इन्फॉर्मचा) साचा जाऊन त्याजागी 'किट', म्हणजे कोडचे वेगवेगळे संच, आले. साच्यातला एखादा भाग उचलून स्वतःचा बसवणारी एक्स्टेन्शन्स इथे अडतात. साध्या वाक्यांत लिहिलेल्या कथेला हा बदल सहसा जाणवतही नाही. तुमची कथा यातली कोणती, हे ओळखायला मजकुरात कंसात घातलेला इन्फॉर्म ६ चा कोड शोधा. तो जितका जास्त, तितका वेळ जास्त.

काम असं करा:

१. प्रकल्पाचा फोल्डर आणि त्याच्या शेजारचा 'मटेरियल्स' फोल्डर, दोन्हींची नक्कल काढा. दुसरा विसरला की चित्रं, आवाज आणि मुखपृष्ठ मागे राहतात.
२. कथेत वापरलेलं प्रत्येक एक्स्टेन्शन मटेरियल्समधल्या 'एक्स्टेन्शन्स' फोल्डरमध्ये ठेवा. मग संगणकावरचं एक्स्टेन्शन नंतर कोणी बदललं तरी ही कथा स्वतःचीच प्रत वापरते.
३. जुन्या आवृत्तीत कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळा आणि उतारा (खेळताना पडद्यावर आलेला सगळा मजकूर) साठवा. त्याआधी यादृच्छिक अंकांचं बीज एका ठरावीक संख्येवर बांधा. ते न बांधल्यास दर खेपेला उतारा वेगळा येतो आणि कोणता फरक आवृत्तीमुळे पडला ते कळत नाही.
४. नव्या आवृत्तीत कंपाइल करा. पन्नास चुका दिसल्या तरी फक्त पहिली वाचा. एक एक्स्टेन्शन सापडलं नाही की त्यातला प्रत्येक शब्द कंपायलरला अनोळखी होतो आणि बाकीच्या चुका तिथूनच निघतात.
५. तोच खेळ पुन्हा खेळून दोन्ही उतारे ओळीओळीने ताडून पाहा. कंपाइल झालं म्हणजे कथा तशीच राहिली असं नाही. नियमांचा क्रम बदलला तर चूक न दाखवता भलतंच उत्तर छापलं जातं.

हे सगळं टाळायचं असेल तर ॲपच्या सेटिंग्समध्ये त्या कथेपुरती ६एम६२ सारखी जुनी भाषाआवृत्ती निवडता येते. चालू प्रकल्पांना आम्ही आधी हाच सल्ला देतो.

ट्वाइन

ट्वाइनमध्ये दोन गोष्टींची गल्लत होते. ट्वाइन हा संपादक आहे. कथा चालवतो तो 'स्टोरी फॉरमॅट': हार्लो, शुगरक्यूब, स्नोमॅन, चॅपबुक. दोन्हींच्या आवृत्त्या वेगळ्या वाढतात. संपादक बदलला तर पडदा वेगळा दिसतो, फॉरमॅट बदलला तर कथा वेगळी वागते.

त्याच मुख्य क्रमांकातला फॉरमॅट, म्हणजे हार्लो ३.१ वरून ३.३, ट्वाइन स्वतःच पुढे नेतं आणि ते बहुधा सुरळीत जातं. हार्लो १ वरून ३ वर मात्र तुम्हालाच न्यावं लागतं. आणि हार्लोची कथा शुगरक्यूबवर नेणं म्हणजे प्रत्येक मॅक्रो (कथेत लिहिलेली आज्ञा) पुन्हा लिहिणं: हार्लोत मॅक्रो गोल कंसात असतो, शुगरक्यूबमध्ये दुहेरी कोनी कंसात. फॉरमॅटची यादी उघडून नुसतं नाव बदललं तर वाचकाला कथेच्या मध्येच कोड छापलेला दिसतो.

ट्वाइन १ मधल्या कथा असतील तर त्यांची मूळ प्रकल्प फाइल ट्वाइन २ उघडत नाही. ट्वाइन १ मधून कथा एचटीएमएल म्हणून बांधा आणि ती फाइल ट्वाइन २ मध्ये आयात करा. लगेच फॉरमॅट तपासा. नव्या ट्वाइनचा पहिला पर्याय हार्लो असतो, पण ट्वाइन १ चे मॅक्रो शुगरक्यूबच्या घरातले आहेत.

प्रकाशित एचटीएमएल फाइल जपून ठेवा. तिच्यात सगळे पॅसेज (कथेचे तुकडे), फॉरमॅटचं नाव आणि त्याचा क्रमांक जसाच्या तसा असतो. बाकी सगळं हरवलं तरी ती पुन्हा आयात करता येते.

हरवण्याचं सर्वात मोठं कारण आवृत्ती नाही, साठवणीची जागा आहे. ब्राउझरमधल्या ट्वाइनमध्ये कथा त्या ब्राउझरच्याच साठवणीत राहते. साइटचा डेटा पुसला की कथा गेली. सफारी तर वापरात असूनही त्या साइटवर सात दिवस काही हालचाल झाली नाही तर असा डेटा आपणहून काढून टाकतो. डेस्कटॉप ॲप कथा डॉक्युमेंट्समधल्या ट्वाइनच्या 'स्टोरीज' फोल्डरमध्ये ठेवतं. दोन्ही ठिकाणची यादी वेगळी असते. एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे जात नाही. रोज काम संपताना 'आर्काइव्ह' (सगळ्या कथांची एकत्र फाइल) काढा, ही आमची कळकळीची विनंती आहे.

इंक

इंक मार्च २०१६ मध्ये मुक्तस्रोत झालं. कंपाइल केल्यावर मिळणाऱ्या जेसन फाइलमध्ये इंकच्या रचनेचा क्रमांक असतो. फाइल तुमच्या खेळातल्या इंजिनापेक्षा (इंक चालवणाऱ्या भागापेक्षा) नवी असेल तर इंजिन ती नाकारतं, थोडी जुनी असेल तर इशारा देऊन चालवतं. म्हणून इंकी संपादक एकट्याने अद्ययावत करू नका. खेळातलं इंजिन आणि इंकी बरोबरीने बदला.

वाचकांनी सेव्ह केलेले खेळ

लेखक हे हमखास विसरतात. झी-मशीनच्या सेव्ह फाइलमध्ये कथेचा रिलीज क्रमांक, सहा अक्षरांचा सिरियल क्रमांक आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) असतो. तुम्ही एक स्वल्पविराम सुधारून पुन्हा कंपाइल केलंत तरी चेकसम बदलतो आणि वाचकाचा जुना सेव्ह उघडत नाही. इथे पळवाट नाही. दुरुस्त्या साठवून एकत्र द्या आणि नव्या रिलीजसोबत जुनी फाइलही उतरवून घेता येईल अशी ठेवा.

शुगरक्यूबमध्ये सेव्ह उघडतो, पण पुढे गडबड होते. 'स्टोरीइनिट' (कथा सुरू होताना चालणारा पॅसेज) मध्ये नवं व्हेरिएबल घातलंत तर ते जुन्या सेव्हमध्ये नसतं, कारण सेव्ह उघडताना सगळी व्हेरिएबल्स सेव्हमधली येतात. सेव्हला आवृत्ती क्रमांक द्या आणि उघडताना क्रमांक जुना दिसला तर नव्या व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्या. सेव्ह कथेच्या शीर्षकावरून ओळखले जातात, तेव्हा प्रकाशनानंतर शीर्षकाला हात लावू नका. हार्लोत पॅसेजचं नाव बदललंत तर त्या पॅसेजमधून गेलेला सेव्ह उघडत नाही आणि वाचकाला तो पुसायचा का, असं विचारलं जातं.

इंकमध्ये नाव नसलेल्या पर्यायांना फक्त क्रमांक असतो. मध्ये एक पर्याय घातला की खालचे सगळे एकाने सरकतात आणि "हा आधी निवडला होता" ही नोंद शेजारच्या पर्यायाला चिकटते. ज्या पर्यायांवर पुढचं कथानक अवलंबून आहे, त्यांना पहिल्याच दिवशी लेबल द्या.

आमच्याकडे कथा पाठवताना

मूळ मजकूर, मटेरियल्स किंवा आर्काइव्ह, प्रकाशित फाइल, ती ज्या आवृत्तीत बनली तिचा पूर्ण क्रमांक ("नवीन" किंवा "गेल्या वर्षीची" असं नको) आणि वाचकाचा निदान एक जुना सेव्ह पाठवा. क्रमांक आठवत नसेल तर ट्वाइनची एचटीएमएल फाइल साध्या मजकूर संपादकात उघडा. वरच्या भागात फॉरमॅटच्या नावाजवळ तो सापडतो. इन्फॉर्मची कथा असेल तर खेळ सुरू करून 'व्हर्जन' ही आज्ञा द्या आणि जे छापलं जाईल ते जसंच्या तसं उतरवून पाठवा.