टॅबची कळ आली कुठून

आमच्या धामणगावकडच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर जुना कॉम्प्युटर आहे. काळा पडदा, त्यावर एकच प्रश्न: गाव? कापसाची गाडी काट्यावर चढली की दिवाणजी नाव टाईप करतात, आणि एकच गाव तीन तऱ्हेनं पडतं. यंदा मी पायथन या भाषेत लिहिलेल्या त्या प्रोग्रामात टॅब कम्प्लिशन टाकलं. दोन अक्षरं टाकून टॅब दाबला की नाव पुरं. "भाऊ, हे तं मोबाईलसारखंच झालं," दिवाणजी म्हणाले.

मोबाईलच्या कितीतरी आधीचं आहे हे. १९७० च्या आसपास अमेरिकेत पीडीपी-१० या यंत्रासाठी टेनेक्स नावाची प्रणाली तयार झाली. तिथं टॅब नव्हे, एस्केपची कळ होती. अर्धा शब्द लिहून ती दाबली की यंत्र तो ओळखून पुरा करी. प्रश्नचिन्ह टाकलं की इथं काय काय चालेल ते सांगे. वेळ वाचे हे खरं, पण माझ्या मते खरी कमाई दुसरीच: यंत्राला ठाऊक नसलेलं नाव तिथल्या तिथं अडे. काट्यावर मला तेवढंच हवं होतं.

केन ग्रीअर या प्रोग्रामरनं ही सोय युनिक्स या प्रणालीच्या सी शेलमध्ये आणली; शेल म्हणजे टाईप केलेले हुकूम यंत्राकडून करून घेणारा प्रोग्राम. त्यातून झालेल्या शेलचं नाव टीसीएसएच, त्यातला 'टी' टेनेक्सचाच. पुढे ब्रायन फॉक्सनं १९८९ साली बॅश हे आणखी एक शेल आणलं, आणि त्याच्या जोडीची, टाईप होणारी ओळ सांभाळणारी रीडलाईन ही लायब्ररी (तयार कोड) कोणत्याही प्रोग्रामला जोडता येऊ लागली. मात्र तिचा परवाना जीपीएल, म्हणजे प्रोग्राम वाटला तर त्याचा कोडही खुला द्यायचा. जोडायची तर आपला प्रोग्रामही त्याच अटीत येतो. क्लिस्प हा लिस्प या भाषेचा प्रोग्राम असाच जीपीएलखाली गेला. ते नको असणाऱ्यांसाठी बीएसडी या युनिक्सच्या शाखेची लिबएडिट ही लायब्ररी आहे, पण तिची बोली वेगळी. रीडलाईनसाठी लिहिलेली सेटिंगची ओळ तिला कळत नाही.

पायथनमध्ये रीडलाईन आयतीच मिळते, तरी मी फसलोच. पायथन मोकळ्या जागेवर शब्द तोडतं. आमच्याकडे चांदूर दोन, एक रेल्वे, एक बाजार. 'चांदूर' लिहून पुढे 'बा' टाकून टॅब दाबला की माझ्या कोडकडे नुसता 'बा' येई, आणि यादीत 'बा'वरून सुरू होणारं गाव एकच. एका पावतीवर चक्क 'चांदूर बाभूळगाव' छापून निघालं.

तोडायच्या चिन्हांच्या यादीतून मोकळी जागा काढली. आता 'चां' टाकून टॅब दाबला की 'चांदूर'पर्यंत जाऊन थांबतं, आणखी दाबला की दोन्ही चांदूर खाली दिसतात.