आधी मांडीचा पट्टा, मग रिझर्व्ह

पाचगणीला टँडम, म्हणजे पायलटसोबत दोघांचं, पॅराग्लायडिंग करायला आलेला माणूस हमखास विचारतो, "हे उघडलं नाही तर दुसरं पॅराशूट आहे ना?" हा प्रश्न खरा स्कायडायव्हिंगचा. तिथे पॅराशूट हवेत उघडायचं असतं. बिघडलं तर ते सोडून देतात आणि दुसरं उघडतात. पॅराग्लायडर मात्र जमिनीवरच वाऱ्यावर फुगवून डोक्यावर आणतात. तो फुगला नाही तर उड्डाणच होत नाही. इथले गंभीर घोटाळे बहुधा पाय जमिनीवर असतानाच होऊन गेलेले असतात.

सर्वांत वाईट घोटाळा म्हणजे मांडीचे पट्टे न लावता उडणं. उभं असताना हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज, खांद्यांवरून लोंबतो, त्यामुळे सगळं ठीक दिसतं. पाय सुटले की पॅसेंजर खाली घसरतो आणि छातीच्या पट्ट्यावर काखेत लटकतो. मागे बसलेल्या पायलटचे दोन्ही हात ब्रेकच्या दोऱ्यांवर असतात. त्या अवस्थेत त्याला वर ओढणं जवळपास अशक्य. वाऱ्याची वाट बघताना कोणी फोटोसाठी पट्टे सोडतं, आणि परत लावताना फक्त छातीचा लागतो. म्हणून पट्टे लावताना आधी मांड्यांचे आणि शेवटी छातीचा, काढताना बरोबर उलटं. काही नव्या हार्नेसमध्ये छातीचं बकल मांडीच्या पट्ट्यांशिवाय बंदच होत नाही. जुना हार्नेस असेल तर स्वतः हात घालून बघा. पायलटला राग येत नाही, आला तर दुसरा पायलट शोधा.

मग कॅराबिनर, म्हणजे सगळं एकमेकांना जोडणारी, स्प्रिंगच्या तोंडाची धातूची कडी. डावीकडे-उजवीकडे एकेक स्प्रेडर बार, म्हणजे दोघांना ग्लायडरशी जोडणारा दांडा, असतो. वर त्याला ग्लायडरचा रायझर (दोऱ्या जिथे एकत्र येतात तो पट्टा), पुढे पॅसेंजर, मागे पायलट. कॅराबिनरचं तोंड उघडं राहिलं तर त्याची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. पाचगणीच्या पठारावर जांभ्याची लाल धूळ स्प्रिंगमध्ये बसते आणि तोंड मिलिमीटरभर अलीकडेच थांबतं. लांबून ते बंदच वाटतं. बोटाने दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. दोऱ्यांत अडकलेली काडी किंवा पडलेली गाठही अशीच. ती ग्लायडर डोक्यावर आल्यावरच दिसते, आणि पळणं थांबवायला तेवढेच एक-दोन सेकंद मिळतात.

"पळा, पळा, बसू नका!" ही आरोळी उगाच नसते. पॅसेंजर कड्याआधीच बसला तर सगळं वजन पायलटच्या पायांवर येतं, वेग मरतो आणि दोघं उतारावर आपटतात.

आता रिझर्व्ह, म्हणजे ते विचारलेलं दुसरं पॅराशूट. तो आपोआप उघडत नाही. पायलट हँडल ओढून बाहेर काढतो आणि मोकळ्या हवेत जोरात फेकतो. ताणला जायला दोन-तीन सेकंद लागतात. ग्लायडर गरगरत सेकंदाला 15 मीटरने खाली येत असेल तर तेवढ्यात 30 ते 45 मीटर गेले. वाईच्या बाजूला दरी पाचशेहून अधिक मीटर खोल आहे, त्यामुळे कड्यापासून दूर असताना अंतर पुरतं. टेकऑफजवळ किंवा उतरताना पुरेलच असं नाही. रिझर्व्ह उघडल्यावर मूळ ग्लायडर तसाच फुगलेला राहिला तर दोन छत्र्या एकमेकांना बाजूला ओढतात आणि उतरण्याचा वेग वाढतो. म्हणून पायलट लगेच मागचे रायझर खेचून ग्लायडर मारतो, म्हणजे निकामी करतो. युरोपीय मानकानुसार रिझर्व्हचा उतरण्याचा वेग सेकंदाला 5.5 मीटरपर्यंत चालतो. म्हणजे दीड मीटर उंचीवरून उडी मारल्याइतका दणका. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून घेतला तर सोसता येतो.

महाबळेश्वर-पाचगणीचा पावसाळा हा रिझर्व्हचा मोठा शत्रू. दमट हवेत घडी घालून पडलेल्या नायलॉनचे थर एकमेकांना चिकटतात आणि फेकल्यावर रिझर्व्ह उशिरा उघडतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होण्याआधी तो सोडून, हवा देऊन पुन्हा घडी घालावा लागतो. रिझर्व्हसोबत घडीच्या तारखांचं कार्ड ठेवायची पद्धत आहे. विचारायचंच असेल तर त्यावरची शेवटची तारीख विचारा. ती पावसाळ्याच्या आधीची निघाली तर त्या दिवशी टेबललँडवर फिरून या.